पासवर्ड : करावा कसा आणि लक्षात ठेवावा कसा?



या पानांतून आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडकीड, खोडवा व्यवस्थापन, पाण्याच्या पाळ्या अशा विषयांवर लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. तो शेतीबाहेरचा वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास तो शेतीच्या शेवटच्या टोकाचाच आहे असे ध्यानात येईल. आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने रात्रीचे पाणी द्यावे, खत घालावे, तोडणीच्या टोळीची वाट पाहावी. आणि त्या सगळ्या कष्टाची रक्कम बँकेत ज्या खात्यावर पडते, त्या खात्याचे कुलूप मात्र कोणीही उघडावे असे असावे, हे काही बरोबर नाही.

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी.ची रक्कम द्यावयाची असते, व ती सभासदाच्या बँक खात्यावर जमा होते. ऊस बिले निघाली की गावात पारावर, सोसायटीत, हॉटेलात तीच चर्चा असते. म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणाच्या खात्यावर मोठी रक्कम आहे हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असते. लबाडालाही ते ठाऊक असते, हे विसरून चालणार नाही.

परवलीचा शब्द म्हणजे काय?

पासवर्डला मराठीत जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्याने रात्री "कोण आहे?" म्हणून विचारावे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगावा, अशी ती रीत. शब्द बरोबर असेल तर दार उघडे. पहारेकरी माणसाचे तोंड पाहत नाही, शब्द ऐकतो. संगणकाचेही तसेच आहे. शब्द तुम्ही टाकला की दुसऱ्या कोणी, हे त्याला कळत नाही.

संगणकावर पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. एकच मोठे यंत्र अनेक जण वापरत. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बाटो या शास्त्रज्ञाच्या गटाने ही योजना केली. गंमत अशी की १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या तेथील विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली, का तर स्वतःला यंत्रावर जास्त वेळ मिळावा! कुलूप जितके जुने, तितकीच ते उघडण्याची हुशारीही जुनी.

आज शेतकऱ्याला असे परवलीचे शब्द किती लागतात ते मोजून पाहा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तिचा चार आकडी संकेतांक. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाचे महा-ऊस नोंदणी ॲप आले. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. शिवाय महाडीबीटी, डिजिटल सात-बारा, बँकेचे ॲप, ए.टी.एम.चा पिन, यू.पी.आय.चा पिन, ई-मेल, आणि खुद्द मोबाइलचे कुलूप. आठ-दहा किल्ल्यांचा जुडगाच झाला की. आणि कमरेला लावलेला जुडगा हाताला तरी लागतो. हा दिसतही नाही.

पासवर्ड तळोज्याला, खातेदार गावात

गट कार्यालयात बसलो असता आम्हाला एक गोष्ट वारंवार आढळून येते. सभासदाला "तुमचा पासवर्ड काय?" असे आम्ही कधीच विचारत नाही, पण "पासवर्ड तुमच्यापाशी आहे ना?" असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "पोराला माहीत आहे," किंवा "केंद्रावाल्याला माहीत आहे."

आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतली मुले कामासाठी पनवेल तालुक्यातील तळोजा येथे आहेत. तेथील औद्योगिक वसाहतीत रसायने, अभियांत्रिकी, मासळीप्रक्रिया असे नाना प्रकारचे कारखाने आहेत. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाल्यावर त्या भागात बिऱ्हाड करणेही सोयीचे झाले. सणाला मुलगा गावी येतो, वडिलांना नवा मोबाइल घेऊन देतो, त्यात बँकेचे ॲप घालतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि रविवारी रात्री परत जातो. वडील म्हणतात, "दादा, लागलं तर तुला फोन करीन."

आता लागते कधी? अर्जाची मुदत संपत आली असता किंवा बँकेत रांगेत उभे असता. त्याच वेळी मुलगा पाळीवर असतो. रसायनांच्या कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर काम करताना मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. वडिलांनी दहा वेळा फोन केला तरी तो वाजतो कपाटात. मग मुलगा सुट्टी झाल्यावर व्हॉट्सॲपवर पासवर्ड लिहून पाठवतो. वडील तो शेजारच्या मुलाला दाखवतात, "बाबा, जरा टाकून दे." एका दिवसात एक किल्ली चार हातांतून फिरली. कोणाच्याही मनात वाईट नाही. तरी कुलूप उघडे पडले.

उलट बाजूही पाहावी. सिडकोने २०२४ च्या दसऱ्याला तळोजा, खारघर आदी ठिकाणच्या २६ हजार घरांची योजना जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. अशा अर्जात आधार, पॅन, बँक खाते सगळे द्यावे लागते आणि पुढची सूचना ई-मेलवर वा मोबाइलवर येते. घाईत सायबर कॅफेत बसून नवा ई-मेल काढला, पासवर्ड तेथल्याच माणसाने ठरवला आणि नंतर तो आठवेनासा झाला, तर आपल्याच घराची सूचना आपल्याला वाचता येणार नाही. म्हणजे शिकलेल्या मुलालाही हा धडा तितकाच लागू आहे.

केंद्रचालकाचेही असेच. तो गावचाच असतो, आपल्या अडीनडीला धावून येतो, त्याच्यावर आमचा काहीही आरोप नाही. पण शेकडो लोकांची कामे करताना तो सर्वांना एकाच ठशाचा पासवर्ड देतो, नाव आणि पुढे "@१२३". ज्याला एकाचा कळला त्याला सर्वांचे कळले. शिवाय केंद्र बंद पडले, वही हरवली, संगणक बिघडला, की सभासदाची किल्लीही गेली.

जे सात-बाऱ्यावर आहे ते पासवर्डमध्ये नसावे

स्वतः पासवर्ड करणारे सभासद काय करतात? मोबाइल नंबर, गट नंबर, मुलाचे नाव, जन्मसाल, ट्रॅक्टरचा नंबर. ही माहिती आपल्या लक्षात राहते हे खरे. पण ती दुसऱ्यालाही विनासायास मिळते. महाभूमीच्या संकेतस्थळावर कोणाचाही सात-बारा कोणालाही पाहता येतो. त्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, खाते नंबर सर्व आहे. सभासद क्रमांक वजन पावतीवर छापलेला असतो. ट्रॅक्टरचा नंबर तर आपण मागे-पुढे रंगवूनच फिरवतो! गुढीपाडव्याच्या दिवशी जन्मलेल्या नातवाचे नाव फ्लेक्सवर लागते. अशा गोष्टींचा पासवर्ड म्हणजे किल्ली उंबऱ्यावर ठेवून कुलूप लावणे होय.

काही चतुर सभासद "को८६०३२" असा पासवर्ड करतील. अक्षरेही आहेत, आकडेही आहेत, दिसायला भक्कम. पण ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या मनात पहिली कोणती जात येते हे काय चोराला सांगायला हवे? जे आपल्याला पटकन सुचते, ते त्यालाही पटकन सुचते.

याचा पुरावा आहे. २००९ च्या डिसेंबरमध्ये रॉकयू नावाच्या एका अमेरिकी कंपनीची यादी चोरीस गेली. तीत सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड होते. ते तपासले तेव्हा सर्वांत जास्त वेळा आढळलेला पासवर्ड निघाला "१२३४५६". सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी तो ठेवला होता. प्रत्येकाला वाटले असणार की हे आपल्यालाच सुचले. तेव्हापासून चोरांची यंत्रे प्रथम अशा याद्यांतीलच शब्द लावून पाहतात.

चोर पासवर्ड ओळखतो कसा?

येथे आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. चांगली बँक किंवा कंपनी आपला पासवर्ड आहे तसा साठवून ठेवत नाही. तो ती एका गणिती घाण्यातून काढते आणि फक्त रस ठेवते. उसाचा रस निघतो, पण रसाचा पुन्हा ऊस होत नाही. आपण पुन्हा पासवर्ड टाकला की तो परत घाण्यातून निघतो. रस जुळला तर दार उघडते. रॉकयूने हे केले नव्हते. त्यांनी ऊस तसाच अंगणात ठेवला होता.

आता चोराने रसाचे पिंप पळवले तर? त्याला ऊस दिसत नाही. मग तो आपला घाणा लावतो आणि एकेक अंदाजाचा ऊस घालून पाहतो : "१२३४५६" घातला, रस जुळला का? "गणेश@१२३" घातला, जुळला का? त्याचा घाणा एका सेकंदात कोट्यवधी उसांचे गाळप करू शकतो. सबब अंदाज जितके जास्त करावे लागतील तितके आपले कुलूप भक्कम.

दुसरी रीत याहून सोपी. एका ठिकाणी मिळालेला पासवर्ड त्याच माणसाच्या ई-मेलला, मग बँकेला लावून पाहायचा. आपण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो म्हणून हे साधते. रोगट बेणे एका वाफ्यातून सगळ्या शेतात जावे, तसा हा प्रकार. म्हणून निदान ई-मेल, बँक आणि सरकारी योजना यांचे पासवर्ड एकमेकांपासून वेगळे हवेत. त्यातही ई-मेलचा पासवर्ड सर्वांत जपावा. "पासवर्ड विसरलात?" असे दाबले की नवा पासवर्ड करण्याची सोय ई-मेलवर वा मोबाइलवर येते, म्हणजे ई-मेल ही किल्ल्यांच्या पेटीची किल्ली आहे.

तिसरी रीत सर्वांत जास्त चालते, ती म्हणजे आपल्याकडूनच विचारून घेणे. तीबद्दल पुढे लिहितो.

लांबी महत्त्वाची

एक मोठे अक्षर, एक आकडा, एक खूण घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला, असा उपदेश आपण ऐकत आलो. याचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत होता. ती लिहिणारे बिल बर् यांनीच २०१७ मध्ये आपल्याला त्या सल्ल्याचा पश्चात्ताप होतो असे सांगितले. कारण लोक "गणेश@१" चे "गणेश@२" करतात. चोराला त्याचा काही त्रास होत नाही, त्रास होतो तो आपल्यालाच. त्याच संस्थेने २०१७ मध्ये नवे नियम काढले. त्यांचा सारांश असा : पासवर्ड लांब ठेवा, कारण नसता बदलू नका, फुटल्याची शंका आली तर मात्र ताबडतोब बदला.

हिशेब करून पाहू. चार आकड्यांचा पिन १० हजार प्रकारे होतो, सहा आकड्यांचा १० लाख प्रकारे. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरे चिठ्ठ्या काढून लावली तर सुमारे २० हजार ८८३ कोटी प्रकार होतात. पण अशी आठ विस्कळीत अक्षरे लक्षात कोण ठेवणार? त्याऐवजी २०० साध्या शब्दांतून चिठ्ठ्या काढून पाच शब्द घेतले, तर प्रकार होतात ३२ हजार कोटी. जास्त भक्कम, आणि लक्षात ठेवायला कितीतरी सोपे.

चिठ्ठ्यांची रीत

ही रीत जगभर माहीत आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फासे टाकून शब्द निवडण्याची पद्धत मांडली. आपण फाशांऐवजी चिठ्ठ्या घेऊ. कृती येणेप्रमाणे :

१) घरातील चार जणांनी प्रत्येकी ५० शब्द कागदाच्या तुकड्यांवर लिहावेत. घरातले, रानातले, डोळ्यांसमोर येणारे शब्द. लोटा, कासरा, मोर, पाट, बाभळ, सूप, कोयता, दगड असे. माणसांची, गावांची, देवांची नावे नकोत.

२) शब्द असे घ्यावेत की इंग्रजी अक्षरांत ते एकाच प्रकारे लिहिले जातील. पासवर्ड बहुधा इंग्रजी अक्षरांतच टाकावा लागतो. "ज्ञान" कोणी "डी"ने सुरू करतो, कोणी "जी"ने. "विहीर" लिहिताना एक "आय" की दोन "ई", असा घोळ पडतो. असे शब्द सोडून द्यावेत. "मोर", "लोटा" यांत घोळ नाही.

३) चिठ्ठ्या घमेल्यात टाकून हलवाव्यात. एक काढावी, शब्द लिहून घ्यावा, चिठ्ठी परत टाकावी, पुन्हा हलवावे. असे पाच वेळा करावे.

४) निघाले ते आणि निघाले त्याच क्रमाने ठेवावे. "हा शब्द बरा नाही, दुसरा काढू" असे करू नये. आपल्या मनाने निवडू लागलो की आपण पुन्हा नेहमीच्याच वाटेने जातो. चिठ्ठीला आवडनिवड नसते, हाच तिचा गुण.

५) जेथे आकडा आणि खूण सक्तीची आहे तेथे शेवटी तीही जोडावी. काही ठिकाणी पंधरा-सोळा अक्षरांपुढे जागाच नसते. तेथे तीन शब्द घ्यावेत आणि ० ते ९ च्या चिठ्ठ्यांतून तीन आकडे काढून लावावेत.

समजा निघाले, "मोर, घमेले, बाभळ, लोटा, कोयता". (हे उदाहरण येथे छापून आले असल्याने कृपया कोणीही वापरू नये!)

लक्षात कसा ठेवावा?

शब्दांची एक खुळी गोष्ट करावी. मोर घमेले डोक्यावर घेऊन बाभळीवर चढला, वरून लोटा टाकला, तो कोयत्यावर आदळला. गोष्ट जितकी खुळी तितकी ती पक्की बसते. आजीला सांगितली तर आजीही हसेल. पण पासवर्डची गोष्ट आहे, म्हणून सांगू मात्र नये.

दुसरे, उजळणी. नव्या लागणीत नांगे वेळेवर भरावे लागतात, तशी स्मरणातली तूटही वेळेवर भरावी लागते. ज्या दिवशी केला त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, असे पाच वेळा न पाहता टाइप करून पाहावे. नंतर बोटांनाच सवय लागते.

तिसरे, लिहून ठेवावा का? अनेक जण म्हणतात लिहूच नये. आमचे मत निराळे आहे. ज्याचे वय साठ-सत्तर आहे, ज्याला आठवड्यातून एकदाच ॲप उघडावे लागते, त्याने खुशाल लिहून ठेवावा. परदेशातला चोर आपल्या ट्रंकेत हात घालू शकत नाही. मात्र जागा योग्य हवी. शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत, सोने जेथे ठेवतो तेथे कुलपात एक लहान वही ठेवावी. कशाचा पासवर्ड आहे हे पूर्ण न लिहिता आपल्याला कळेल अशी खूण करावी. मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी, ए.टी.एम. कार्डाच्या पाठीवर पिन, कॅलेंडरच्या मागे नोंद, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश, या चारही जागा टाळाव्यात. बँकेचा पिन मात्र वहीतही लिहू नये; तो पाठच असावा.

तळोज्यासारख्या ठिकाणी असलेल्या, संगणकाला सरावलेल्या मुलांनी पासवर्ड मॅनेजर नावाची सोय वापरावी. ती डिजिटल तिजोरीच असते. एक लांब पासवर्ड पाठ ठेवला की बाकीचे ती सांभाळते. तसेच पासवर्डनंतर मोबाइलवर आणखी एक खात्री मागणारी दुहेरी तपासणी ई-मेलला जरूर चालू करून घ्यावी. एक कडी निसटली तर दुसरी असते.

पिन लहान का चालतो?

चतुर वाचक विचारील, पाच शब्द सांगता, मग बँक चार आकड्यांवर कशी भागवते? कारण तेथे थोड्याच वेळा चुकले की व्यवहार अडवला जातो. चोराला १० हजार अंदाज करून पाहण्याची संधीच मिळत नाही. पण तेथेही जन्मसाल, १२३४, वाहनाचे शेवटचे चार आकडे ठेवले तर पहिल्या दोन-तीन अंदाजांतच काम होऊन जाते. पिनचे आकडेही चिठ्ठीनेच काढावेत.

ओटीपी हाही एक घटकेचा पासवर्डच आहे. हल्ली काही ठिकाणी पासवर्डऐवजी तोच येतो. म्हणून खात्याला, आधारला, योजनेला जोडलेला मोबाइल नंबर आपला स्वतःचा हवा. केंद्रचालकाचा किंवा भाच्याचा नंबर जोडला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, म्हणजे किल्लीही त्याच्याकडेच. आणि यू.पी.आय.चा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. "अनुदान जमा करतो, पिन टाका" असे कोणी म्हणाला की तो लबाड, हे पक्के समजावे. व्हॉट्सॲपवर पी.एम. किसानच्या नावाने येणारी ए.पी.के. फाइल उघडू नये; तशा फाइलीतून मोबाइलमधील संदेश आणि ओटीपी परस्पर चोरले जातात.

येथे स्पष्ट सांगतो. आपल्या कारखान्याचा चिटबॉय, शेती सहाय्यक, शेती अधिकारी, हिशेब खाते किंवा आम्ही, यांपैकी कोणीही आपल्याला पासवर्ड, पिन किंवा ओटीपी विचारणार नाही. ऊस नोंदीसाठी तो लागत नाही, बिलासाठीही लागत नाही.

"बँकच फुटते, मग आम्ही कुलूप लावून काय?"

हा प्रश्न पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे नाव घेऊन विचारला जातो. तेथे ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतील ए.टी.एम.मधून पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण ९४ कोटी रुपयांवर रक्कम गेली. परंतु ठेवीदारांच्या खात्यांतील रकमा सुरक्षित आहेत, असे बँकेने त्याच वेळी जाहीर केले. म्हणजे कुलूप बँकेचे फुटले, तेव्हा भार बँकेने उचलला.

आपले कुलूप आपण उघडून दिले तर? रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये याबाबत परिपत्रके काढली; सहकारी बँकांसाठीचे परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ चे. त्यातील तत्त्व असे : चूक बँकेची असेल तर भार बँकेवर. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच फुटले, अशा वेळी कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन वा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. या शेवटच्या वाक्यातच सारे आले. पासवर्ड सांगणे म्हणजे किल्लीबरोबर आपला हक्कही देऊन टाकणे.

गेलेच पैसे तर?

लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवून खाते थांबवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच अडवता येतात. रात्र गेली की वाट लांबते. त्यानंतर ई-मेलचा पासवर्ड प्रथम आणि बाकीचे मागाहून बदलावेत. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे सर्व आधी केलेले बरे, हे सांगणे न लगे.

सभासदांनी येत्या आठवड्यात करावयाची कामे

१) खात्याला व योजनांना जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा आहे का, हे बँकेत व केंद्रात तपासावे.
२) मुलगा, सून किंवा मुलगी गावी आली की एक संध्याकाळ काढावी, चिठ्ठ्या कराव्यात आणि ई-मेल, बँकेचे ॲप व योजनांचे पासवर्ड नवे व वेगवेगळे करावेत. टाइप खातेदाराने स्वतः करावे, मुलाने शेजारी बसून दाखवावे.
३) वही करावी, कुलपात ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील विश्वासाच्या एकाच माणसाला सांगावे.
४) केंद्रावर अर्ज भरल्यास काम झाल्यावर लॉगआउट झाल्याची खात्री करावी, आणि घरी येऊन पासवर्ड बदलावा.
५) खात्यावर नामनिर्देशन केले नसेल तर बँकेत जाऊन करावे. आपल्या पश्चात घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून पिन सांगून ठेवणे हा मार्ग नव्हे. त्यासाठी नामनिर्देशन आहे.
६) बिले निघण्यापूर्वी हे काम उरकावे.

महिला सभासदांना विशेष विनंती. जमीन व शेअर आपल्या नावावर असून मोबाइल मात्र घरातल्या दुसऱ्याच्या हाती, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. खाते आपले, तर पासवर्डही आपल्याच तोंडी असावा. चिठ्ठ्यांची रीत वाचता येणाऱ्या कोणालाही जमते. तीस शाळेची इयत्ता लागत नाही.

ज्यांना अडचण वाटेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात कार्यालयीन वेळेत यावे. पासवर्ड सांगू नये. रीत आम्ही शिकवू.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी